जयपूरच्या स्वयंपाकघरातली उभी सभा

निरोपाचा लेख लिहून तयार होता, फक्त प्रकाशित करायचा बाकी होता, आणि कामाच्या जागा कशा सुधाराव्यात यावर इतकी वर्षं चालवलेला हा ब्लॉग आता वाचतं तरी कोण, असा रुसवा धरून मी बसलेलो असताना एकदम आठवलं की जयपूरच्या मेघाताई वाचतात. मूळच्या अकोल्याच्या, विमा कंपनीत अधिकारी, बदली होऊन तिकडेच रमलेल्या. आमची ओळख फक्त लेखांखालच्या प्रतिक्रियांतून. 'एकदा या न सर,' असं त्या कितीदा तरी लिहायच्या. म्हटलं, दुकान बंद करण्याआधी या गिऱ्हाइकाला भेटून यावं. पुण्याहून रेल्वेचं तिकीट काढलं.

जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका. सकाळी उतरलो तेव्हा सगळं शहर धुक्यात होतं. स्टेशनबाहेर चहा आणि कांद्याची गरम कचोरी झाली. मेघाताई राहतात त्या वैशाली नगरला बस जाते, पण सामान असेल तर रिक्षा बरी. भाडं मात्र आधी ठरवा. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. विजेच्या तारांवर, कडुनिंबांवर, गच्च्यांच्या कठड्यांवर पतंग अडकलेले होते. हे काढतं कोण, असं रिक्षावाल्याला विचारलं.

"कोई नहीं, साहब. हवा ले जाएगी."

मला ते ऐकून फार बरं वाटलं. ऑफिसात अडकलेली प्रत्येक गोष्ट सोडवण्यात माझा जन्म गेला, आणि इथे अख्खं शहर त्या पतंगांखालून निवांत हिंडत होतं.

शनिवार असाच तरंगत गेला. जुन्या शहरातल्या गुलाबी भिंतींच्या कडेने चाललो, संध्याकाळी नाहरगडावर बसलो. खाली एकेक दिवा लागत होता आणि मला जुने लेख आठवत होते. खिडकीकडे पाठ करून बसवलेली माणसं, कधीच न सापडणारी कपाटाची किल्ली, जेवायच्या सुट्टीतही जागेवरून न उठणारी नवी मुलगी. कुणासाठी लिहिलं एवढं?

रविवारी सकाळी पोहे झाले आणि मेघाताईंनी फर्मान काढलं, "चला, उभे राहा सारे. सभा आहे."

त्यांचे यजमान संजयराव आणि कॉलेजात शिकणारी लेक केतकी ओट्यापाशी येऊन उभे राहिले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कधीकाळी मी उभ्या सभेवर लिहिलं होतं. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी उभं राहायचं. वयाने लहान असेल त्याने आधी बोलायचं आणि कामात आड येणारी एकच गोष्ट सांगायची. ज्याची चूक त्याने उत्तर द्यायचं नाही, फक्त दुरुस्ती करायची. माझ्या ऑफिसात ही सभा काही आठवडे टिकली आणि बंद पडली.

"आमच्याकडे ही केतकी तिसरीत होती तवापासून चालू आहे," मेघाताई म्हणाल्या. "घरात मराठी बोलतच नव्हती न. मग सभेत मराठीच, असा नियम केला."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. "आज काकांचं सांगते. मतलब... तुमची वाक्यं खूप लांब असतात. शेवट येईपर्यंत मी सुरुवात विसरते. प्रत्येक लेख दोनदा वाचावा लागतो."

संजयराव खोकल्याआड हसले. अगं, आता मी लिहिणारच नाहीये, असं सांगायला मी तोंड उघडलं.

मेघाताईंनी हात वर केला. "नाही सर. नियम तुमचाच आहे. उत्तर नाही द्यायचं."

मी खिशातली वही काढून तक्रार लिहून घेतली.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. बाहेर मोहरीची पिवळी शेतं होती. दोनदा वाचते, एवढंच डोक्यात घोळत होतं. घरी आलो, लॅपटॉप उघडला. निरोपाचा लेख तिथेच होता. तो पुसून टाकला.

केतकी, या लेखाचं पहिलं वाक्य लांब झालं. सवय जुनी आहे. बाकीची लहान केली आहेत. आता पुढची अडचण सांग. मी उभा आहे.