गावाकडची एक बाई

मीटिंग रूमच्या भिंतीवर माझ्या मायचा चेहरा होता. छतापासून टेबलापर्यंत, एवढा मोठा. अकरा जण बघत होते. आमचे मॅनेजर सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "हा काय बग आहे? जरा दिसणारं माणूस आण ना."

सगळे हसले. मीही हसले. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी चिडणार आहे आणि तेव्हा मी उगाच स्वच्छ वाटेन.

मी पुण्यात एका बड्या कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका, म्हणजे बग, शोधायच्या आणि लिहून ठेवायच्या, हे काम. तेव्हा आमच्याकडे हजेरीचं ॲप होतं. मिल, गोदाम, कारखाना, कुठेही मजुराने गेटवरच्या मोबाइलला चेहरा दाखवायचा, की हजेरी लागली. तपासायला घरच्यांचे फोटो आणा असं सरांनीच सांगितलं होतं. कोणी आजोबांचा आणला, कोणी मावशीचा. मी मायचा आणला. दारात उभी, डोक्यावर पदर. ॲप म्हणालं, चेहरा आढळला नाही. सात वेळा करून पाहिलं. मग बग लिहिला.

"कोण आहे ही?" सरांनी विचारलं.

"गावाकडची एक बाई," मी म्हणाले.

कोणी जबरदस्ती केली नव्हती. जीभ माझीच. कॉलेजपासूनची सवय. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न आरक्षणाच्या कोट्याचा, गाव सांगितलं की नक्षलवाद्यांचा. रंग तर सांगावाही लागत नाही. म्हणून जेवढं झाकता येईल तेवढं झाकायचं. त्या दिवशी मी माय झाकली. जागेवर आले आणि बग बंद केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, फोटो अयोग्य.

चार महिन्यांनी घरी गेले. आमचं गाव पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, कोहमाऱ्याच्या अलीकडे. बाबा होते तोवर माय त्यांच्यासोबत जंगलात तेंदूपत्ता तोडायची. बाबा गेले आणि ती राइस मिलमध्ये लागली. सकाळी पाहते तर माय आरशासमोर बसून गालांवर, कपाळावर, मानेवर पावडर थापत होती. माझ्या मायने लग्नातही एवढी पावडर लावली नसेल. मी हसतच विचारलं, "माय, पावडर काऊन लावून राहिली?"

"मिलच्या मोबाइलले दिसासाठी," ती म्हणाली.

मी तिच्यासोबत गेटपर्यंत गेले. चौदा बाया रांगेत. पावडरचा एकच डबा हातोहात फिरत होता. मुनीम मोबाइल धरून उभा. मोबाइलने मायला तीनदा नाही म्हटलं. ती बाजूला झाली, पुन्हा पावडर थापली, पुन्हा उभी राहिली. चौथ्यांदा हजेरी लागली. संध्याकाळी सुटतानाच्या हजेरीला त्रास नसतो म्हणे, तोवर भाताच्या कोंड्याने सगळ्यांची तोंडं पांढरी झालेली असतात. हे तिने मला गंमत म्हणून सांगितलं.

मोबाइलवर आमच्या कंपनीचं चिन्ह होतं. माय मला पुढे करून बायांना म्हणाली, "माही पोरगी याच कंपनीत हाय. आता ते दुरुस्त करन."

ती कामावरून आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. फोटो, हसणं, मी काय म्हणाले ते. ती तोंडावरचा कोंडा पुसत ऐकत होती. मग एवढंच विचारलं, "माय हाय म्हणून काऊन नाही सांगतलं?"

"शरम वाटली," मी म्हणाले.

ती उठून चुलीकडे गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी सोबत निघाले तर म्हणाली, "तू नको येऊ. बायाइले काय सांगू?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी घरोघरी जाऊन तेरा बायांना फोटो काढू का विचारलं, तोंड धुवायला लावून त्यांचे फोटो काढले. चौदावी माय. ती फोटोला उभी राहिली नाही.

पुण्याला आले तेव्हा ॲपची नवी आवृत्ती निघायची होती. टेस्टरने सही दिल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. मी तेरा फोटो ॲपला दाखवले, चेहरा आढळला नाही असंच आलं. मग मायचा जुना बग पुन्हा उघडला आणि लिहिलं, फोटो योग्य आहेत, ॲप चूक आहे. सर माझ्या टेबलाशी आले. मी म्हणाले, "सर, त्या फोटोतली बाई माझी आई आहे."

"अगं, मग तेव्हाच सांगायचं," ते म्हणाले. "आम्ही हसलो नसतो."

अगदी मनापासून म्हणाले. तेच जास्त लागलं. त्यांच्या लेखी चूक हसण्याची होती, तीही ऑफिसातल्या कोणाची आई निघाली म्हणून. बाकीच्या तेरा जणी गेटवर थांबल्या तर थांबू देत. तारीख ठरली आहे, पुढच्या वेळी बघू, आता सही दे, असं त्यांनी दोनदा समजावलं. मी दोनदा नाही म्हणाले.

माझ्या जागी ते दुसरं कोणी शोधत आहेत. मला काढतीलही. माय फोनवर हो-नाहीपलीकडे बोलत नाही. मी तिची माफी मागितलेली नाही. माफी मागून मला मोकळं व्हायचं नाही. सही मागायला पुन्हा कोणीही येऊ दे, मी नाहीच म्हणणार. आणि का ते सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगणार.