भज्यांचं तेल आणि सासऱ्यांचा दुपट्टा

माझ्या मोटारसायकलची चेन इतकी करकरायची, की मी केनवडच्या वळणावर असतानाच बायको घरात चहा ठेवायची. एका रविवारी आम्ही दोघं तिच्या माहेरी, किन्हीराजाला निघालो. घरात ऑइल नव्हतं. कढईत आदल्या दिवशीच्या भज्यांचं तेल होतं, तेच मी चेनीवर ओतलं.

करकर थांबली, पण वास सुटला. वाटेतल्या गावांतली कुत्री मागे धावू लागली.

"हे आपल्याच मांगं काहून धावून राह्यले?" बायकोनं विचारलं.

ओळखीची असतील, असं मी म्हणालो. उतरल्यावर तिच्या साडीवर तेलाचे शिंतोडे निघाले, आणि काठाला करपलेल्या कांद्याची एक पातळ कातळी. मग सगळं सांगावंच लागलं.

सासरे खूश झाले. जवाईबापूंना काही येत नाही, हे त्यांना केव्हाचं सिद्ध करायचं होतं. त्यांनी गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, चालू केली, पहिला गिअर टाकला आणि फिरत्या चेनीला फडकं लावलं. गाडी बंद करून पुसू, असं मी सुचवलं. त्यावर, चेन आपली आपण फिरत असताना हात कायले दुखवायचे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक चेनीत गेलं. दुपट्ट्यामागून सासरेही निघाले. गाडी गुरगुरत बंद पडली तेव्हा त्यांचं कपाळ मागच्या मडगार्डला टेकलेलं होतं. बोटं शाबूत होती.

सासूबाई ओट्यावरून उठून आल्या. आधी त्यांनी किल्ली काढून बटव्यात टाकली, मग नवऱ्याकडे वळल्या.

"लागलं काय?"

"नाही."

"मंग राहा तसेच जराशिक."

त्यांना तसंच वाकलेलं ठेवून त्या चहा ठेवायला गेल्या. मी गाडी न्यूट्रल केली, चाक हातानं उलटं फिरवलं, तेव्हा दुपट्टा सुटला. त्याच्या टोकाची चाळणी झाली होती.

चहा होईपर्यंत सायलेन्सर थंड झाला. मग सासूबाईंच्या नजरेखाली आम्ही दोघं कामाला लागलो. त्यांनी सासऱ्यांना बंडीची बटणं लावायला लावली. मी चाक हातानं थोडं फिरवायचो आणि थांबायचो. थांबल्यावरच सासरे ब्रशनं चेनीला रॉकेल लावायचे. बोटं दातेरी चक्रापासून लांब. चेन पुसून कोरडी केली, आतल्या बाजूनं थेंब थेंब गिअर ऑइल सोडलं, जास्तीचं पुसून घेतलं. किल्ली जेवण झाल्यावरच मिळाली.

पुढच्या आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला. आता गल्लीतले लोक चेन साफ करायला त्यांच्याकडेच गाड्या आणतात, असं ते ऐटीत सांगत होते. मी कौतुक केलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, आलेल्याकडून आधी किल्ली घ्या म्हणून. सासरे हळू आवाजात म्हणाले, "तिच्याजवळ आता चार किल्ल्या हायेत, बापू. कोनती कोनाची, तिलेई समजून नाही राह्यलं."