चेअरमनला पाठवलेली प्रत

तहसीलच्या आवारातील कडुनिंबाखाली अर्जनवीस म्हणून माझी खुर्ची वीसेक वर्षे आहे. शिक्षण सातवीपर्यंत झाले. तथापि माझ्या अर्जातील मायना बदलण्याची हिंमत आजवर एकाही वकिलाने केलेली नाही, हे येथे नमूद करतो. माझे दोन नियम होते. पहिला, अंगठा घेण्यापूर्वी अर्ज ओळीखाली बोट फिरवीत अक्षरन् अक्षर वाचून दाखवायचा. दुसरा, ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाही प्रत पाठवायची. हा दुसरा नियम मी कोर्टात उचलला. समोरच्याचे ऐकल्याशिवाय न्याय होत नाही, असे तेथे एक न्यायाधीश म्हणाले होते. ते वाक्य मला इतके भावले, की मी ते कडुनिंबाखालीही लागू केले.

दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात ऊसतोडीवरून परतलेली एक बाई नवऱ्याला घेऊन आली. तिच्या कपाळावर टाके होते. कसले, ते मी विचारले नाही. त्या वर्षी टँकर आला की बायका एकमेकींच्या अंगावर जात. घागरीच्या काठाने कपाळे फुटत, उपटलेले केस मुठीत येत, आणि पाणी भरून झाल्यावर त्याच बायका शेजारीशेजारी बसून रक्त पुसत.

"भाऊ, आमच्या वस्तीचा टँकर चेअरमनच्या मोसंबीला जातोय," ती म्हणाली. "गावातल्या टँकरवर गेलं की बाया हाणतेत. म्हणतेत, तुमचा कुठं हाय? अर्जी ह्याच्या नावानं लिवा. बाईचं कोण ऐकतंय."

चेअरमन म्हणजे त्यांच्या गावच्या सहकारी सोसायटीचा. टँकरचे कामही त्याच्याचकडे होते. सोसायटी सर्वांची, असे तो दर पंधरा ऑगस्टला तहसीलच्या झेंडावंदनात सांगत असे, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही असे.

मी अर्ज लिहिला, वाचून दाखविला, नवऱ्याचा अंगठा घेतला. मूळ अर्ज तहसीलदार साहेबांकडे दिला आणि ‘प्रत माहितीस्तव’ रजिस्टर टपालाने चेअरमनला पाठविली. आठवड्याने पोचपावती आली. तीवर चेअरमनची सही होती. ती मी चहावाल्याला दाखविली. "एवढा मोठा माणूस, पण कायद्यापुढे सही करावी लागली," असे मी म्हणालो.

"तुमीच पाहिजे भाऊ तालुक्याला," चहावाला म्हणाला. "कलेक्टर उगाच ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई एकटी आली. लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते.

"टँकर आला भाऊ, वस्तीवर. पयल्यांदा आला. आमी घागरी घिऊन पळालो. संगं चौघं हुते. येकाच्या हातात तुमी लिवलेला कागुद. ‘पाणी पायजेल ना बे तुला?’ म्हणले. लोखंडी दांड्यानं माज्या नवऱ्याच्या गुडघ्यावर हाणलं, दोन्ही. हाडाचा आवाज आला मला. मग उचलून कोरड्या हिरीत फेकलं अन् वरून टँकरचं पाणी सोडलं, त्याच्या अंगावर."

"जिवंत आहे?"

"हाय. बीडला दवाखान्यात. पाय ऱ्हायचे न्हाईत म्हणतेत. पर आपली अर्जी त्याच्या हातात गेली कशी? सायबानं कावून दिली?"

पोचपावती माझ्या खिशात होती.

लोक जागरूक नाहीत, तक्रार करीत नाहीत, म्हणून शासन झोपते, अशी चर्चा हल्ली फार ऐकू येते. असे म्हणणाऱ्याने एक तक्रार करावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावातून पायी चालून दाखवावे. शासन मुंबईत असते. विहिरीजवळ चेअरमन असतो. हे मी आज लिहू शकतो. त्या दुपारी मला फक्त खिसा जड वाटत होता.

पोलिसांसाठी नवा अर्ज लिहावयास घेतला, या वेळी तिच्या नावाने. कागद चेअरमनकडे कसा पोचला हे न लिहिले, तर सारा प्रकार बनाव ठरला असता. म्हणून लिहिले: ‘सदर अर्जाची प्रत अर्जनवीसाने स्वतः टपालाने गैरअर्जदारास पाठविली.’ यात धाडस नव्हते. लिहावे, पण वाचताना ते वाक्य गाळावे, असे मी मनाशी ठरविले होते.

वाचू लागलो. त्या वाक्यापाशी येताच आवाज न बदलता पुढे गेलो.

"भाऊ, बोट दोन वळी खाली उतरलं," ती म्हणाली. "त्या वाचा."

मी वाचल्या.

तिने टेबलावरचा चहाचा ग्लास उचलून माझ्या कपाळावर फोडला. डोळ्यात रक्त उतरले. चहावाला धावत आला, त्याने तिचे दोन्ही हात मागे पिरगाळले. ती लाथा झाडीत ओरडत होती, "शाणपणा! तुझा शाणपणा त्याच्या गुडघ्यावर पडला, मेल्या!"

"सोड तिला," मी म्हणालो. दोनदा सांगावे लागले.

ती खाली बसली. मग म्हणाली, "अजून लिव्ह. हिरीत पाणी मुरत हुतं. त्यो खालून वरडत हुता. आदी बायांनी घागरी हिरीत सोडून पाणी भरलं, मग त्याला काढलं. पयली घागर माजी हुती."

"बाई, याने तक्रार कमजोर होईल."

"तुजं लिवलं ना? माजं बी लिव्ह."

मी लिहिले. मग पहिल्या ओळीपासून बोट ठेवून सारे पुन्हा वाचले. तिची नजर बोटावरून हलली नाही. कागदावर माझ्या रक्ताचे दोन थेंब पडले होते. नवा कागद घेतो म्हणालो. तिने तोवर अंगठा उमटविला.

तळाशी, जेथे मी प्रती कोणाकोणाला ते लिहीत असे, ती जागा कोरी होती. तिने तेथे बोट ठेवले.

"हितं काय हाय?"

"काही नाही."

"टपालात टाकणार तू?"

मी उत्तर देण्यापूर्वीच तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि भर उन्हात पोलीस ठाण्याकडे चालू लागली.