ताईंचा गळा आणि भजेवाल्याचं बेसन

आमच्या भीमगीतांच्या पार्टीच्या टेम्पोत एक ढोलक, एक पेटी, दोन स्पीकर आणि उरलेल्या जागेत किस्से! गाण्याचे बोल विसरतात, किस्से नाही. सध्या मात्र जीव टांगणीला लागलाय. आमच्या गायिका विमलताई, त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलता येईल, गाता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. अख्खा राळेगाव तालुका आम्हाला ओळखतो तो त्यांच्या आवाजामुळे. आता आम्हाला बोलावणार कोण?

*

मागे यवतमाळहून कॉलेजच्या एक मॅडम सर्व्हेला आल्या होत्या. "तुमच्या कलेमुळे गावाच्या अर्थकारणाला काय हातभार लागतो?"

आमच्या ढोलकवाल्या देवरावनं डोकं खाजवलं. "मॅडम, आमी गायाले बसलो का भजेवाल्याची कढई चढते, फुगेवाला येते, आटोवाल्याच्या चकरा वाढतात. समदे कमावतात."

"आणि तुम्ही?"

"आमी भजे खातो न!"

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

*

त्या भजेवाल्याचा तर भीमजयंतीच्या आधी हटकून फोन. "ताईचा गळा कसा हाये?"

एकदा मी म्हटलं, "किती काळजी करता हो!"

"करावंच लागते भाऊ. त्या हिशोबानंच बेसन घेतो!"

ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात पहिला तोच आला. बेसनाचं नाव काढलं नाही. कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता बिचारा.

*

देवराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. एकदा ऐन सीझनमध्ये ठेकेदारानं कार्यक्रमासाठी सुट्टी नाकारली. ताईंनी वाद घातला नाही, सरळ ठेकेदाराच्या आईला फोन लावला. संध्याकाळी ठेकेदार स्वतःच्या गाडीतून देवरावला घेऊन हजर! पुढच्या सीटवर आई, नवी साडी नेसून.

*

दवाखान्यातून घरी आल्यावर ताईंनी आम्हाला बोलावून घेतलं. आवाज पार बसलेला. "दुसरी पोरगी पाहा गायाले. मी कायले येऊ? टेम्पोत जागा अडवाले?"

देवराव भडकला. "जागा तं माहं ढोलकही अडवते! त्याले घरी ठेवू का?"

मी पंधरा-वीस वर्षं या बाईच्या आवाजामागे पेटी धरली, तिला 'या' म्हणायला शब्द सापडू नये!

*

तेवढ्यात माझा फोन वाजला. मारेगावकडच्या एका गावच्या मंडळाचे अध्यक्ष. जयंतीचे कार्यक्रम आमच्याकडे महिनाभर चालतात, गावागणिक तारीख वेगळी. मी स्पीकरवर टाकला.

"जयंतीले येऊन राह्यले न भाऊ?"

"येऊ. पण ताई गाणार नाहीत. गळा गेला त्यांचा."

मला वाटलं, झालं, सुपारी गेली.

"म्हंजे येनारच नाईत?"

"येतील तरी गाणं नाही हो."

"गान्याचं कोन विचारून राह्यलं? आमच्या लेकी फोन करतात, 'विमलताई येनार का?' त्या येनार असतीन तं पोरी माहेरी येतात. बांगड्यावालाबी मंगच येते. नाई तं गाव सुनं! मी काय सांगू त्याइले?"

देवराव माझ्याकडे बघतोय, मी ताईंकडे.

ताईंनी पदरानं नाक पुसलं आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "तारीख इचार न बाबू."