फोनच्या कपाळावरची चाबी

"ओ भाऊजी! बाहेर या! माह्या फोनात तुमच्या पोरीचं रक्त काऊन येऊन राह्यलं?"

वहिनी ओरडत होती. ऊर्जानगरात आमचं क्वार्टर आणि थोरल्या भावाचं क्वार्टर समोरासमोर, मध्ये एक रस्ता आणि एक कडुलिंब. एवढ्या अंतराला वहिनीला फोनची गरज कधीच पडली नाही. तिनं आवाज लावला की वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर दिशा बदलतो आणि पहिल्या पाळीचे लोक भोंगा झाला समजून डबे उचलतात. मी बनियनवरच बाहेर आलो. माझ्याआधी क्वार्टरांची अख्खी लाइन बाहेर आली होती.

"काय झालं, वहिनी?"

"मलेच विचारता? पाहा हे! मी म्हटलं लोणच्याचं पाहावं, शोधायच्या पट्टीले बोट लावलं तं खाली हे निघालं. 'सिकलसेल एएस मुलीचं लग्न'. 'एएस मुलगी, मुलाला धोका'. मी लिवलं काय हे? सोयरिक मी जमवली, रविवारी साक्षगंध, अन् मलेच माहीत नाई?"

कडुलिंबावरचे कावळेसुद्धा गप्प झाले. ही अतिशयोक्ती नाही. बाकीच्या असतील, ही नाही.

आमच्या भागात एएस म्हणजे काय हे शाळेतली पोरंही सांगतात. रक्तात सिकलसेलचा अर्धा वाटा. माणूस धडधाकट असतो, काम करतो, म्हातारा होतो. समोरचा जोडीदार साधा असेल तर पुढं भीतीचं कारण नाही. पण नवराबायको दोघेही एएस निघाले तर मूल एसएस होऊ शकतं. माझी धाकटी बहीण एसएस होती. थंडी पडली की तिची हाडं दुखायची, आणि ती उशी दातात धरायची, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. विसावं वर्ष तिनं पाहिलं नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायची ती हीच वहिनी, नवी नवरी असताना. त्यामुळे त्या दिवशीच्या ओरडण्यात नुसता राग नव्हता.

माझी मुलगी एएस आहे. भद्रावतीच्या शाळेत शिकवते, कंपनीच्या बसपेक्षा जोरात चालते आणि वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराला नुसत्या भुवईनं बसवते. या आधीची दोन स्थळं 'एएस' ऐकून चहा अर्धा टाकून उठली होती. मुलाचं रक्त तपासू, साधं निघालं तर काहीच बिघडत नाही, हे सांगेपर्यंत त्यांची गाडी पद्मापूरच्या पुढं गेलेली. म्हणून हे तिसरं स्थळ आलं तेव्हा मी आणि बायकोनं ठरवलं, आधी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होऊ द्यावं.

मुलगा मुलचेऱ्याचा, सरकारी कचेरीत. वहिनीच्या माहेराकडचं स्थळ. पोरीशी फोनवर बोलायचा, आणि माझी ती भुवईवाली पोरगी जिन्यात बसून अशी हसायची की वरच्या मजल्यावरचे लोक टीव्ही बंद करून ऐकायचे.

"बाबा, मी सांगू काय त्याले?" तिनं एकदा विचारलं.

"रविवार होऊ दे," मी म्हटलं.

लपवायचं ठरलं आणि इथूनच व्हीपीएनचं लचांड मागं लागलं. झालं असं, की मी घरच्या वायफायवर सिकलसेलचं थोडं वाचलं. म्हणजे थोडं नाही, मराठीत जेवढं आहे ते सगळं, आणि चष्म्याच्या काचा झिजल्यावर हिंदीतलंही. दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब टीव्हीवर व्हिडिओ पाहत बसलं असताना मध्येच जाहिरात आली, 'सिकलसेलवर रामबाण चूर्ण'. वहिनी पापड घेऊन तिथंच बसली होती. मी असा खोकलो की पापड मोडले. त्या जाहिरातवाल्याला कोणी सांगितलं? केबलवाल्यानं? राउटरनं? त्या दिवसापासून मला राउटरचा हिरवा दिवा डोळा मारतोय असं वाटायला लागलं.

मग मी विश्वासाचं व्हीपीएन शोधायला निघालो. आपण इंटरनेटवर कुठं कुठं जातो ते केबलवाल्याला आणि वाटेतल्या इतरांना कळू नये म्हणून एक झाकलेला रस्ता, एवढं मला मोबाईलवाल्यानं समजावलं. आमच्या सगळ्या खानदानाचे फोन त्यानंच चालू करून दिलेले.

"भाऊ, फुकटवाला टाकून देतो. बिनधास्त."

"फुकट काऊन देतात ते?"

"समाजसेवा."

त्या समाजसेवकानं उघडल्या उघडल्या माझे संपर्क मागितले, मी कुठं उभा आहे ते मागितलं, फोटो मागितले. लग्नाच्या बायोडाट्यातही मी एवढं देत नाही. मी तो काढून टाकला आणि वाचायला बसलो. फुकट देणारे बहुतेक तुमचीच माहिती विकून पोट भरतात. पाच वेगळ्या नावांची पाच दुकानं, मालक एकच. सगळे म्हणतात, आम्ही नोंद ठेवत नाही. ठेवत नाही हे पाहिलं कोणी? तर बाहेरच्या तपासनिसानं. त्या तपासनिसाला पैसे कोणी दिले? त्याच कंपनीनं. सरकारनं इथल्या व्हीपीएनवाल्यांना गिऱ्हाइकांची नोंद ठेवायला सांगितली, तेव्हा काहींनी आपली यंत्रंच देशाबाहेर नेली. ते चांगलं की वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी मी पैसे भरून एक निवडलं. मालकाचं नाव उघड असलेलं, तपासणीचा अहवाल सगळ्यांना वाचायला ठेवणारं, फोनमधलं काही न मागणारं. निवड चांगली होती, आजही म्हणतो. तरी मनात पाल चुकचुकायचीच. केबलवाल्यापासून लपवायला मी पोरीचं रक्त कुठल्याशा बेटावरच्या कंपनीच्या ओटीत घातलं होतं. केबलवाल्यानं दगा दिला तर त्याच्या घरी जाऊन भांडता येतं. बेटाकडं चंद्रपूरच्या स्टँडवरून बस सुटत नाही.

ते चालू केलं की फोनच्या वरच्या कडेला, बॅटरीशेजारी, इवलीशी चाबी उमटते. माझ्या, बायकोच्या, पोरीच्या, तिन्ही फोनांच्या कपाळावर ती चाबी आली. मी निवांत झोपलो.

मुलाचं घर पाहायला आम्ही मुलचेऱ्याला गेलो. जंगलात वाघानं गाडी अडवली. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक होता, आता तीन आहेत, आणि बायको म्हणते रानडुक्कर होतं. ते असो. मुलाचे वडील निवृत्त मास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. 'जय भीम' झालं, चहा झाला. गुरुजींनी आपल्या धानाच्या बांधीचा फोटो दाखवायला फोन काढला. मी वाकून पाहिलं. धान झकास होतं. आणि फोनच्या वरच्या कडेला, बॅटरीशेजारी, चाबी होती.

मला आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. मीही क्वार्टरचा फोटो दाखवायला माझा फोन काढला. गुरुजींची नजर फोटोवर कमी आणि वरच्या कडेवर जास्त. मग आम्ही दोघांनी एकदमच आपापले फोन खिशात टाकले आणि पावसापाण्याचं बोलू लागलो.

मुलाचं रक्त तपासलंय का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण आपण विचारलं की समोरचा उलट विचारणार. गिळलं. गुरुजींनीही विचारलं नाही. परत येताना मी गाडीत म्हटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!

आणि आता वहिनी रस्त्यात उभी राहून माझ्या पोरीच्या मनातलं मोठ्यानं वाचत होती.

पोरगी आतून आली. तिनं वहिनीच्या हातातला फोन घेतला, दोनतीन ठिकाणी बोट लावलं आणि माझ्याकडं पाहिलं. तो फोन माझाच जुना. नवा घेतला तेव्हा मी तो वहिनीला दिला होता. मोबाईलवाल्यानं आम्हा सगळ्यांना एकच मेल आयडी करून दिलेला, पासवर्ड लक्षात राहावा म्हणून. पोरीनं रात्री स्वतःच्या फोनवर जे जे शोधलं, ते सगळं या फोनात जमा होत राहिलं.

"मंग ते व्हीपीएन?" मी विचारलं.

"ते बाहेरच्यापासून लपवते, बाबा. हा मेल आपलाच आहे. तुमीच काकूले देल्ला."

वहिनीचा आवाज एकदम खाली आला. एवढ्या वर्षांत मी तो एवढा खाली ऐकला नव्हता.

"माह्या मांडीवर गेली तुमची बहीण, भाऊजी. निदान मले तं सांगायचं होतं. आता त्याईले मी सांगू का तुमी सांगता?"

"मी सांगतो," मी म्हटलं.

तिथंच कडुलिंबाखाली फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे वहिनीला आणि पोरीलाही ऐकू जावं. लाइन बघत होती, बघू दे. पोरगी शेजारी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. जिन्यात हसायची तेव्हाही तिची हीच सवय.

पलीकडून गुरुजी म्हणाले, "बोला, भाऊ."

सबंध आयुष्य मी बोलण्यावर काढलं. साध्या सर्दीची गोष्ट मी अर्धा तास सांगू शकतो. त्या वेळी मात्र एकच वाक्य निघालं.

"गुरुजी, पोरगी एएस आहे."

पलीकडं कुठंतरी मोटरपंप चालू होता, त्याचा आवाज येत राहिला. वहिनीनं पोरीचा हात धरला.

मग गुरुजी म्हणाले, "आमचाबी पोरगा एएसच आहे, भाऊ."