या महिन्याचा कोडवर्ड

जगात कुठेही ऑनलाइन फसवणुकीपासून वाचायचं काही फुकट मिळत असेल आणि ते माझ्या मावशीच्या नवऱ्यापर्यंत पोचलं नसेल, असं होऊच शकत नाही. पुस्तिका, व्हिडिओ, पोस्टर, वेबिनार, काहीही चालतं, फक्त फुकट पाहिजे. एकदा मी म्हटलं, "काका, विकतचं एखादं अँटीव्हायरस घ्या ना." तर म्हणाले, "पैसे घेऊन संरक्षण देणाऱ्याला काय म्हणतात माहितीये? गुंड." बोला आता! आणि त्यांची ती सर्टिफिकेटं! फुकटचा वेबिनार संपला की सर्टिफिकेट मिळतं, पण त्यासाठी आपली माहिती भरावी लागते. म्हणजे 'आपली माहिती कोणालाही देऊ नका' या विषयावरची ढीगभर सर्टिफिकेटं काकांनी नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मोबाईल नंबर अख्ख्या जगाला वाटून कमावली आहेत. सगळी लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलीत. त्यामुळे आता लोनवाल्यांचे फोन सकाळपासून सुरू. काका खूश! "बघ, किती धोका आहे मला. अजून एक कोर्स केला पाहिजे."

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर ते मावशीची टिकली लावतात. कोणी बघायला नको म्हणून. व्हिडिओ कॉल केला की आम्हाला फक्त लालभडक अंधार दिसतो आणि आतून आवाज येतो, "दिसतोय का मी?" ओटीपीचं तर विचारूच नका. त्यांच्या चिकूच्या वाडीत नेटवर्क फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येतं. तिथे उभं राहून, स्क्रीन हाताने झाकून, ओटीपी वाचायचा, आणि टाइप करेपर्यंत विसरू नये म्हणून मोठमोठ्याने घोकायचा. एकदा मधेच अडकले तर शिडीवर चिकू तोडणारा रमेश वरून ओरडला, "काका, शेवटी चौऱ्याहत्तर बोललात मघाशी!" काकांनी टाकला, लॉगिन झालं, आणि शिडीखाली येऊन रमेशला ओटीपी कोणाला सांगू नये यावर पाऊण तास भाषण. बिचारा शिडीवरून उतरायलाच तयार नव्हता.

पण कळस म्हणजे कोडवर्ड. कुठल्यातरी फुकट पुस्तिकेत त्यांनी वाचलं की हल्ली चोर आपल्या माणसाचा हुबेहूब आवाज काढून फोन करतात, 'ॲक्सिडेंट झालाय, दवाखान्यात आहे', तेव्हा घरात एक गुप्त शब्द ठरवून ठेवा. झालं! शब्द ठरला. पण पासवर्ड बदलत राहा असंही कुठेतरी लिहिलेलं, म्हणून काका दर संकष्टीला शब्द बदलतात. उपास असतो, त्यामुळे शब्दही उपासाचेच सुचतात. तीनदा चुकला तर फोन ठेवायचा, समोर कोणीही असो. मावशीकडून त्यांनी हे इतकं घोटून घेतलंय की मी नुसता 'काय करतेस' म्हणून फोन केला तरी ती आधी शब्द विचारते.

तर परवा काका तलासरीला गेले होते. बचत गटाच्या बायकांना ऑनलाइन सुरक्षेवर भाषण द्यायला, अर्थात फुकट. येताना चारोटी नाक्यावर जीप बदलायला उतरले आणि पाय गेला खड्ड्यात. हाड मोडलं. लोकांनी उचलून कासाच्या दवाखान्यात नेलं. स्वतःचा मोबाईल काही उघडेना, कारण अंगठा चिखलाने भरलेला आणि घाबरून पिन चुकीचा मारमारून फोन लॉक. मग सिस्टरच्या फोनवरून मावशीला कॉल. मी तिच्याबरोबर विहिरीच्या कठड्यावर पोहे खात बसलेले, फोन स्पीकरवर.

"हॅलो, अगं मी बोलतोय. पाय मोडलाय माझा. कासाला आहे, दवाखान्यात."

मावशी शांतपणे म्हणाली, "शब्द सांगा."

"अगं पाय मोडलाय!"

"शब्द."

"रताळं."

"ते गेल्या महिन्याचं."

"मग शिंगाडा!"

"नाही."

"वरई! वरई तरी असेल ना गं?"

"तीन झाले. ठेवते."

आणि खरंच ठेवला! ठेवता ठेवता तिकडून आवाज आला, "शाब्बास!" सिस्टर नंतर सांगत होती, पेशंट रताळं, शिंगाडा ओरडतोय म्हटल्यावर तिने डॉक्टरांना डोकंही तपासायला सांगितलं.

मी तोंडात पोहे तसेच घेऊन मावशीकडे बघतेय, तर ती चप्पल घालत होती. "ऊठ, स्कूटर काढ. कासाला जायचंय."

"अगं, पण तू तर फोन ठेवलास!"

"मग? आवाज पहिल्या हॅलोलाच ओळखला मी. पण विचारलं नसतं तर ते पायापेक्षा जास्त लागलं असतं त्यांना. चल, चावी घे."

 स्कूटरवर मागे बसून तिने माझा खांदा इतका घट्ट धरलेला की अजून दुखतोय.

दवाखान्यात दारातच सिस्टर हळूच म्हणाली, "बरं झालं आलात. 'बायको बघा माझी, एक नंबर, फसली नाही' म्हणून सगळ्या वॉर्डला सांगितलं त्यांनी. पण सारखे दाराकडे बघतायत." आत गेलो. पाय हा एवढा सुजलेला. मावशीला बघून काका आधी हसले, आणि मग एकदम आठवल्यासारखं कपाळाला आठ्या.

"तू आलीस कशी? शब्द चुकला होता ना माझा?"

"चुकला होता."

"तरी आलीस? उद्या कोणी माझा आवाज काढून तुला असंच कुठेतरी बोलावलं तर?"

मावशी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत होती. तिने वरही बघितलं नाही.

"तर जाईन. तुम्ही नसलात तिथे, तर परत येईन."

 काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि बाहीने डोळे पुसले. पाय ठणकत असेल, सिस्टर म्हणाली. असेल.