कर्णधाराला पुढे पाठवून मी मागे राहिले

मित्रमैत्रिणींनो, चार तासांपूर्वी आमचा सामना संपला.

शिरपूरजवळच्या शाळेत मी मराठी शिकवते. क्रीडाशिक्षक नसल्यामुळे मुलींच्या बास्केटबॉल संघाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. मी स्वतः कधी खेळले नाही. नियमपुस्तिका मात्र दोनदा वाचली आहे.

आज धुळ्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो. दोन्ही संघांच्या मुलींनी चेंडू एकदमच धरला. अशा वेळी तो आळीपाळीने द्यायचा असतो, पाळी कोणाची ते गुणलेखकांच्या टेबलावरचा बाण दाखवतो आणि पाळी आमची होती. ज्येष्ठ पंच मात्र जुन्या सवयीने चेंडू वर उडवायला निघाले.

"मॅडम, बोला ना! काबर गप बठनात?" आमची कर्णधार वैशाली हिचे वडील मागून ओरडले.

मला उठवेना. कर्णधाराने नम्रपणे विचारलेले नियमात बसते, असे स्वतःला बजावून मी वैशालीला पाठवले.

"सर, पाळी आमची आहे ना? टेबलावरचा बाण बघता का?"

पंचांनी माझ्याकडे पाहिले. "पोरीला पुढे करता? तुम्हाला तोंड नाही का, मॅडम?"

प्रेक्षक हसले. मग पंचांनी टेबलावर विचारले आणि चेंडू आम्हाला दिला. त्यावर दोन गुण मिळवून आम्ही जिंकलो.

बसमध्ये वैशाली हळूच म्हणाली, "मला फार भीती वाटली, मॅडम. उद्या तुम्ही बोलाल ना?"

मी हो म्हणाले. उद्या पुढचा सामना आहे आणि पंच तेच आहेत.

तुमच्यापैकी कोणी प्रशिक्षक असेल, तर कृपया सांगा: आवाज न चढवता पंचांना विचारायचे पहिले वाक्य कोणते असावे?